नवव्या पायरीचा भाऊ

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी थोरला सुतार पापनिवेदनाच्या खोलीत गेला. पाच वाजून अडतीस मिनिटांनी तो बाहेर आला. एरवी त्याला तीन मिनिटे पुरतात.

"अठ्ठावीस मिनिटं!" माझ्या टोकाला बसलेल्या फुलांच्या काकू शेजारणीच्या कानात म्हणाल्या. वेदीवरची फुले त्याच लावतात, म्हणून सगळे त्यांना या नावाने ओळखतात. "या वयात एवढी पापं करायला याला वेळ कुठून मिळतो गं? दिवसभर तर रंधा मारत असतो."

"हळू बोला, काकू. चर्चमध्ये आहोत."

"मी काय खोटं बोलले? घड्याळ बघ की."

थोरल्या सुताराने त्यांच्याकडे पाहिले नाही. बाहेर आलेला माणूस वेदीसमोर जाऊन गुडघे टेकतो आणि फादरांनी सांगितलेली प्रार्थना म्हणतो. हा गेला नाही. तो माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला आणि सहा वाजता दारे लावायची वेळ होईपर्यंत बसून राहिला.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पापनिवेदनाच्या खोलीबाहेर, बाजूच्या दारासमोर माझी जागा आहे. माझी लांबी सात फूट. माझ्यावर पाच माणसे बसतात; फुलांच्या काकू असल्या तर चार. आपला नंबर येईपर्यंत लोक इथे वाट पाहतात. आत काय बोलले जाते ते मला ऐकू येत नाही, कारण दार जाड आहे. ऐकू आले असते तरी मी सांगितले नसते. फादर जे पोटात ठेवतात ते बाकाने ओठांवर का आणावे? पुढे मी जे सांगणार आहे ते सगळे त्या दाराच्या बाहेर घडले आहे.

लोक बाहेर येऊन म्हणतात, हलकं वाटलं. माझ्या फळ्यांना वजनात फरक कधी जाणवलेला नाही. मात्र आत जाण्यापूर्वी माणूस काठावर बसतो आणि बाहेर आल्यावर पाठ टेकतो. एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्या शनिवारी थोरला सुतार बाहेर आल्यावरही काठावरच बसला होता.

कारण मला ठाऊक होते. तो आणि आता फादर सोडले, तर त्या चर्चमध्ये ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

मी जन्मलो ते समोरच्या कारखान्यात. बाजूच्या दारातून पाहिले की गल्लीपलीकडे त्याचे दार दिसते. एकवीस वर्षांपूर्वी तिथे दोघे सख्खे भाऊ काम करीत. धाकटा मापे घेई, करवत चालवी, सांधे जुळवी. थोरला शेवटचा हात फिरवी. रंधा, सरस, पॉलिश आणि वस्तू जागेवर बसवणे, हे त्याचे काम. "दादाचा हात फिरला की लाकडाला वाचा फुटते," असे लोक म्हणत. धाकट्याचे कौतुक फारसे कोणी केले नाही. चांगला सांधा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची तारीफ कोण करणार?

त्या वर्षी चर्चने दोन वस्तू बनवायला सांगितल्या. गायकांच्या माळ्यावर जायला पंधरा पायऱ्यांचा जिना आणि एक बाक. दोन्हींसाठी एकच मोठा ओंडका आणला गेला. धाकट्याने तो चिरला, प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. माझ्या पाठीला लागून निघालेल्या फळीपाशी तो थांबला. त्याने पुन्हा ठोकले. मग खडूने तिच्यावर मोठी फुली मारली आणि ती भिंतीला उभी केली.

"ही नको, दादा. आतून तडकलीय. बद्द वाजतेय, ऐक."

"दिसत तर नाही काही."

"तुला दिसत नाही, मला ऐकू येतं. चुलीत घाल तिला."

ती माझी बहीण. आम्ही एकाच ओंडक्यात शेजारी शेजारी वाढलो होतो.

बिशप रविवारी जिन्याला आशीर्वाद द्यायला येणार होते. शनिवारी दुपारी धाकटा जेवायला घरी गेला. जिना चर्चमध्ये जवळजवळ उभा झाला होता. नववी पायरी तेवढी किंचित लांब होती आणि बसत नव्हती. थोरल्याने भावाची वाट पाहायला हवी होती. करवत हे त्याचे काम नव्हते. पण थोरल्या भावाने धाकट्यासाठी ताटकळत बसायचे, हे त्याला पटले नाही. त्याने स्वतः ती कापली आणि ती एक बोट आखूड झाली.

दुसरी फळी शिल्लक नव्हती. म्हणजे एक होती.

मी तेव्हा कारखान्यात, त्याच्यासमोर, लाकूड ठेवायच्या दोन घोड्यांवर आडवा होतो. त्याने माझी बहीण भिंतीपासून उचलली. रंध्याच्या दोन हातांत खडूची फुली गेली. तड उघडी पडली, तेव्हा त्याने गरम सरसात लाकडाचा भुसा कालवून ती बुजवली आणि वरून पॉलिश मारले. काम इतके सफाईदार होते की मलाही ती ओळखू आली नसती. "सोमवारी बदलू," तो मोठ्याने म्हणाला. कारखान्यात दुसरे कोणी नव्हते. हे तो स्वतःलाच सांगत होता.

सोमवारी शाळेच्या खिडक्यांचे काम आले. त्यापुढच्या सोमवारी पाऊस होता. असे सात सोमवार गेले.

आठव्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, गाण्याचा सराव संपवून धाकट्याची बायको सर्वांच्या पुढे जिना उतरत होती. ती सव्वीस वर्षांची होती. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि त्या माळ्यावरचा सर्वांत चांगला आवाज तिचा होता. नववी पायरी मोडली. ती खाली आली तेव्हा तिचे खुब्याचे हाड मोडलेले होते. चार महिने ती अंथरुणावर होती. एक पाय कायमचा आखूड झाला.

आवाज ऐकून पहिला धावत आला तो थोरला. कारखाना समोरच होता. तिला उचलून नेल्यावर, कोणी पाहायच्या आत, त्याने पायरीचे दोन्ही तुकडे काखेत मारले आणि तो गल्ली ओलांडून गेला. थोड्या वेळाने सरसाच्या शेगडीतून धूर निघताना मी पाहिला.

त्या रविवारी चर्चच्या समितीचे पाच जण माझ्याभोवती जमले.

"जिना कोणी बांधला?"

"मी," धाकटा म्हणाला.

"सांधे कोणाचे?"

"माझेच."

थोरला बाजूच्या दारात उभा होता. त्याला कोणी काही विचारले नाही. त्यानेही काही सांगितले नाही. तो खोटे बोलला असे म्हणता येणार नाही, आणि एवढ्याच आधारावर तो एकवीस वर्षे उभा राहिला.

धाकट्याने करवत खाली ठेवली ती ठेवलीच. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला लागला. घरची खुर्ची मोडली तर तीही तो भावाकडे आणतो. "सुताराचा भाऊ आणि घरात तीन पायांची खुर्ची!" असे लोक हसतात, तोही हसतो.

त्याची बायको काठी घेऊन पहिल्यांदा चर्चमध्ये आली तो दिवस मला आठवतो. ती माझ्यावर बसली, तो तिच्यापुढे उभा राहिला. शेवटी तीच म्हणाली, "हे बघ. तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग मी तुला माफ केलंय. आज, इथे. पुन्हा विचारू नकोस."

त्याने पुन्हा विचारले. दर महिन्याला विचारले. आधी आत फादरांना, मग बाहेर तिला.

ती आता माळ्यावर जात नाही. वर सगळे गातात तेव्हा ती खाली माझ्यावर बसून गाते. तिचे गाणे माझ्या फळ्यांतून जाते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात कौतुकाचे क्षण फार नाहीत. पण हे सुख मला जवळजवळ दर रविवारी मिळाले आहे. त्याच वेळी मला हेही आठवते की तिला खाली आणणारी माझी सख्खी बहीण होती. बाकाला लाज वाटत नसेल असे समजू नका.

बाकी माझे आयुष्य बाकासारखे गेले. मला दोनदा तपकिरी रंग दिला गेला. मुलांनी माझ्या खाली च्युइंगम चिकटवले. मध्ये दोन वर्षे मला अडगळीत टाकून इथे प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. शांततेत त्या करकरत आणि पश्चात्तापाला आलेल्या माणसांना हसू येई, म्हणून मला परत आणले.

थोरला भाऊ या सगळ्या वर्षांत त्या दोघांशी फार चांगला वागला. तिची काठी त्यानेच घडवली. झिजली की नवी. मूठ तिच्या हाताच्या मापाची, टोकाला रबर. "दादांसारखा दीर मिळायला भाग्य लागतं," असे ती सगळ्यांना सांगे. तो तिथे असेल तर काहीतरी निमित्त काढून उठून जाई.

त्या शनिवारच्या महिनाभर आधी, एका रविवारी, तिने त्याला माझ्यावर बसवून घेतले.

"दादा, एक काम आहे. तुम्हीच करू शकता."

"काठी सैल झाली का?"

"काठीचं नाही. तुमच्या भावाचं. अजून दर महिन्याला आत जाऊन तेच सांगतो, माझ्या हातून जिना मोडला. मला घरी येऊन सांगतो, आज पण सांगितलं म्हणून. फादर त्याला म्हणाले, अरे बाबा, चूक वेगळी आणि पाप वेगळं. ऐकत नाही. मी माफ केलं तरी ऐकत नाही. तुमचं तो ऐकतो. तुम्ही सांगा ना त्याला, तुझा काही दोष नव्हता म्हणून."

थोरला तिच्या काठीचे रबर दाबून पाहू लागला. मग म्हणाला, "सांगतो."

त्यानंतर चार आठवडे गेले. आणि मग तो शनिवार आला, अठ्ठावीस मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तो त्या दोघांसमोर येऊन उभा राहिला. चर्च रिकामे होत होते.

"जरा बसा दोघं."

"काय झालं, दादा? बरं नाही का तुला?"

"नववी पायरी. ती तू दिलेली नव्हती."

"म्हणजे?"

"तू दिलेली मी कापायला गेलो. एक बोट आखूड झाली. मग ती भिंतीला लावलेली होती ना, तू खडूने फुली मारलेली…"

धाकट्याने मान वर केली. "बद्द वाजणारी?"

"तीच. भुसा भरला, सरस लावला. सोमवारी बदलणार होतो."

धाकट्याने पहिला प्रश्न विचारला तो सुताराचा होता.

"फुली पुसलीस?"

"रंध्याने."

"आणि तुकडे?"

"जाळले."

"मी तो सांधा किती वेळा उघडून बघितला माहितेय तुला?" धाकटा आवाज न चढवता बोलत होता. "मनातल्या मनात. पंप चालू असतो आणि मी सांधा उघडतो. खाचेत जाणारी कूस बरोबर, खाच बरोबर. मग चुकलं कुठं? सापडायचंच नाही. शेवटी म्हटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे, जी मला दिसत नाही."

"तुझ्यात काही नव्हतं. पाप माझं होतं. काल फादरांपाशी बोललो. ते म्हणाले, देवाकडे क्षमा मागितलीस, ती मिळाली. पण भावाच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं मला इथून उतरवता येणार नाही. त्याच्यापर्यंत तुलाच चालत जावं लागेल."

"देवाने कालच माफ केलं? काकू सांगत होत्या, अठ्ठावीस मिनिटं लागली. मी एकवीस वर्षं रांगेत होतो, दादा. न केलेल्या गोष्टीसाठी."



मग धाकट्याची बायको म्हणाली, "मग मी माफ कोणाला केलं?"

दोघेही तिच्याकडे बघू लागले.

"नाही, खरंच विचारतेय. मी आयुष्यात एकच मोठं काम केलं, असं मला वाटायचं. याला माफ केलं. रडून, भांडून, प्रार्थना करून केलं. आणि याने तर काही केलंच नव्हतं! ही काठी कोणी केली, दादा?"

"मी."

"आधीची?"

"मीच."

"हातात देताना दर वेळी काय वाटायचं तुम्हाला?"

"वाटायचं, आज सांगू."

तिने काठी माझ्या पाठीला टेकवून ठेवली, नवऱ्याचा दंड धरला आणि ती दोघे समोरच्या मोठ्या दाराने गेली. फार हळू गेली. काठी माझ्यापाशीच राहिली. थोरल्याने ती उचलली, पुन्हा ठेवली. तिच्या मागे नेऊन द्यावी की नाही, हे त्याला ठरवता आले नाही.

पुढच्या रविवारी त्याने समितीला माझ्यापाशी बोलावले. त्या पाच जणांपैकी तिघे हयात आहेत. त्याने त्यांना सगळे सांगितले, आखूड कापलेल्या पायरीपासून शेगडीपर्यंत.

"अरे, एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरून काढतोस?" त्यांच्यातला सर्वांत म्हातारा म्हणाला. "लोक विसरले सुद्धा."

"लोक विसरले. तो विसरला नाही. तुम्ही त्या दिवशी ज्याला विचारलंत त्याने उत्तर दिलं. ज्याला विचारायला हवं होतं तो दारात उभा होता. हे लिहून घ्या आणि मिस्सानंतर वाचून दाखवा."

त्यांनी लिहून घेतले. मिस्सानंतर ते वाचले गेले. फुलांच्या काकूंनी त्या दिवशी कोणाच्या कानात काही सांगितले नाही.

धाकटा तेव्हा चर्चमध्ये नव्हता. त्या महिन्यात तो पापनिवेदनालाही आला नाही. एकवीस वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

ती आली. गेल्या शनिवारी, एकटी, भिंतीला धरून. आत तिला चार मिनिटे लागली. बाहेर आली तर थोरला माझ्यावर बसलेला होता. तिने काठी उचलून गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"दादा, मी तुम्हाला माफ केलंय. म्हणजे, करायला घेतलंय. एका दिवसात होत नाही ते. सकाळी करते, आणि संध्याकाळी पाय दुखला की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."

"एवढं सुद्धा नको होतं मला…"

"तुम्हाला नको होतं म्हणून काय झालं? मला करायचंय. नाहीतर मी त्या जिन्यावरच राहीन."

थोरल्याने डोळे पुसले. मग विचारले, "तो?"

"बोलत नाही. कामावरून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याच्या वाटणीची माफी मला देता येत नाही, दादा. ती त्याचीच आहे."

"खरंय."

"वाट बघायची तयारी आहे का?"

"आहे."

"मग बघा. त्याने बघितली तेवढी बघावी लागली तरी बघा."

मित्रांनो, उपदेश करणे बाकाला शोभत नाही. आमचे काम बसू देण्याचे. तरी एक सांगतो. लाकडाला तड जाणे हा लाकडाचा गुन्हा नाही. माझ्या बहिणीला कोणी भुसा न भरता तशीच ठेवली असती, तर ती एखाद्या खिडकीखाली कुंड्या ठेवायला कामी आली असती आणि तिच्यामुळे कोणाला इजा झाली नसती. तुमच्या हातून काही बिघडले, तर ते त्याच दिवशी दाखवा. ओरडा बसेल, तो संध्याकाळपर्यंत पुरतो. आणि तुमच्यापाशी कोणी असे काही दाखवायला आले, तर त्याला आधी बसायला जागा द्या. उभ्याने या गोष्टी बोलता येत नाहीत. हे मी पाहिलेले आहे.

आता आजचे. आज बुधवार. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी धाकटा आणि त्याची बायको बाजूच्या दाराने आत आली. त्याच्या अंगावर पंपघराचा गणवेश नव्हता. त्याने तिला माझ्यावर बसवले.

"तू इथे थांब."

"काय बोलणार आहेस?"

"माहीत नाही."

"भांडणार आहेस?"

"तेही माहीत नाही. आत गेल्यावर कळेल."

"मी येऊ?"

"नको. हे आमचं आहे."

तो गल्ली ओलांडून गेला. कारखान्यात रंधा चालू होता. धाकटा उंबऱ्याशी पोहोचला तेव्हा रंधा थांबला. "ये," असे थोरल्याने म्हटल्याचे आम्हा दोघांनाही ऐकू आले. धाकटा आत गेला आणि त्याने दार ओढून घेतले.

आधी एक आवाज चढला. तो धाकट्याचा होता. शब्द कळले नाहीत. मग दुसरा आवाज आला, फार हळू. त्यानंतर काही नाही. ती उठून दाराशी गेली, कान देऊन उभी राहिली आणि पुन्हा येऊन बसली.

आता नऊ वाजून पंचावन्न मिनिटे झाली आहेत. दार बंद आहे. दोघांपैकी कोणीही अजून बाहेर आलेले नाही.